आईंच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा

"डॉक्टरताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातून लिहितेय. माझ्या सासूबाई ७३ वर्षांच्या आहेत. मागच्या उन्हाळ्यापर्यंत दुधाचा हिशोब, विष्णुसहस्रनाम, नातवंडांचे वाढदिवस सगळं तोंडपाठ. बीपीसाठी मेटोप्रोलोल खूप वर्षं चालू आहे. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या डॉक्टरांनी रात्रीची अमिट्रिप्टिलीन १० दिली, दुखणं कमी व्हावं आणि झोप लागावी म्हणून. दिवाळीत लघवीचा त्रास सुरू झाला, बाथरूमपर्यंत पोचायच्या आत व्हायची, म्हणून सोलिफेनासिन ५. मार्चमध्ये अंगाला खाज, स्किनवाल्यांनी हायड्रॉक्सिझिन २५ रात्री. पावसाळ्यात सर्दी हटेना, मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणून दिल्या, त्या अजून अधूनमधून चालू असतात. जुलैच्या शेवटी आई रात्री उठून बसायला लागल्या, गॅलरीत लहान पोरं बसलीत म्हणतात, वारलेल्या भावाला हाका मारतात, आणि हवेतच काहीतरी ओवत बसतात गजरा ओवल्यासारखं. सकाळी बऱ्या असतात. ऑगस्टमध्ये एका डॉक्टरांनी डिमेन्शियाची सुरुवात आहे म्हणून डोनेपेझिल ५ चालू केली. त्यानंतर जुलाब, लघवी आणखी वाढली, म्हणून सोलिफेनासिन १० केली. पंधरा दिवसांपूर्वी बाथरूममध्ये पडल्या. नणंद म्हणते तू गोळ्यांची गल्लत केलीस. मिस्टर म्हणतात साठी बुद्धी नाठी, वयच झालंय. मी काय करू, सगळ्या गोळ्या बंद करू का?"

ताई, पत्र दोनदा वाचलं. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, नाही, सगळ्या एकदम बंद करू नका, का ते खाली सांगते. आणि गल्लत तुम्ही केलेली नाहीये. चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच तुम्ही वेळेवर देताय, चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठी तिच्या जागी बरोबरच वाटते, फक्त त्या चारी चिठ्ठ्या एकमेकींशेजारी ठेवून कुणी वाचलेल्या दिसत नाहीत. ते काम घरातल्या सुनेचं नव्हतं. तुम्ही तारखांसकट क्रमाने सगळं लिहिलंत ना, ते आधीच कुणीतरी विचारायला हवं होतं तुम्हाला.

आईंना मी तपासलेलं नाही त्यामुळे डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू जाण्याचा आजार, आहे की नाही हे मी इथून ठरवणार नाही. पण तुमच्या यादीतल्या चार गोळ्या, अमिट्रिप्टिलीन, सोलिफेनासिन, हायड्रॉक्सिझिन आणि सर्दीच्या गोळीत बहुतेक वेळा असतं ते क्लोरफेनिरामिन, ही चारही औषधं वेगवेगळ्या दुखण्यांची असली तरी शरीरात जाऊन एक काम सारखंच करतात. ॲसिटिलकोलीन नावाचं जे रसायन आहे त्याची वाट अडवतात. आणि पाचवी गोळी, डोनेपेझिल, ती बरोबर उलटं करते, तेच ॲसिटिलकोलीन वाढवते. म्हणजे एकाच बाईच्या अंगात चार गोळ्या एकीकडे ओढतायत आणि एक दुसरीकडे.

हे नीट समजलं तर तुम्हाला डॉक्टरांशी बोलायला सोपं जाईल म्हणून जरा सविस्तर सांगते. गावात पाणी सोडणारा माणूस असतो ना, सकाळी हातात लांब चावी घेऊन गल्लीगल्लीत फिरतो, जमिनीतल्या खड्ड्यात चावी घालून व्हॉल्व्ह फिरवतो की त्या गल्लीला पाणी येतं. ॲसिटिलकोलीन म्हणजे तो माणूस. नसेच्या टोकाशी ते सुटतं आणि समोरच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे त्या चावीच्या खाचेला, जाऊन लागतं. तोंडाच्या गल्लीत लागलं की लाळ सुटते, आतड्याच्या गल्लीत लागलं की आतडं चालतं, मूत्राशयात लागलं की पिशवी आवळते आणि लघवी होते, डोळ्यात बाहुली बारीक होते, हृदयात ठोके हळू होतात. मेंदूत लागलं की लक्ष लागतं, आठवण राहते, माणूस भानावर राहतो. आपलं काम झालं की त्या माणसाला तिथून लगेच हटवणारं एक एन्झाइमही शेजारीच असतं, कोलिनएस्टरेज.

आता आईंची मूत्राशयाची पिशवी नको तेव्हा आवळत होती, म्हणून सोलिफेनासिन दिली, म्हणजे त्या गल्लीच्या खाचेत खडा घालून ठेवला की चावी लागणारच नाही. बरोबर आहे, औषधाचं कामच ते. पण तोंडाने घेतलेली गोळी काही एका गल्लीत जाऊन थांबत नाही. रक्तातून सगळ्या गावात फिरते. ही गोळी त्यातल्या त्यात मूत्राशयाला धरून राहणारी म्हणून दिली जाते, पण थोडे खडे तिचेही बाहेर पडतातच, आणि वर आईंच्या बाबतीत खडे घालणाऱ्या चार जणी आहेत. तुम्ही लिहिलं नाहीये पण विचारून बघा, तोंडाला सारखी कोरड आहे का, जेवताना घास फिरतो का, जुलाब सुरू होण्याआधी संडासला खडा होत होता का, पोथीची अक्षरं पुसट दिसतात का. यातल्या दोनतीन गोष्टी जरी हो निघाल्या तरी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मेंदूचं काय होतं ते आपल्याकडे जुन्या माणसांना चांगलं ठाऊक आहे. धोतरा. महाशिवरात्रीला महादेवाला ज्याचं काटेरी फळ वाहतो तो. त्याच्या बियांत ॲट्रोपिन, हायोसायमिन, स्कोपोलामिन असतं आणि ही सगळी याच खडे घालणाऱ्या घराण्यातली. इंटर्नशिपला मी एका जिल्हा रुग्णालयात होते तेव्हा धोत्र्याच्या बिया खाल्लेला एक पोरगा आणला होता. तोंड कोरडं ठाक, अंग तापलेलं, बाहुल्या मोठ्या झालेल्या, आणि तो हवेतून काहीतरी वेचत होता, एक एक, चिमटीत धरून. तुमच्या पत्रात हवेतला गजरा वाचला आणि मला तो पोरगाच आठवला. आईंना धोतरा दिलाय असं मी म्हणत नाहीये हं, प्रमाणात जमीन अस्मानाचा फरक आहे, पण मेंदूतली खाच तीच आहे. आणि सत्तरी पार केलेल्या माणसाला तेवढा डोस लागतही नाही, लिव्हर किडनी औषध हळूहळू काढतात, मेंदूत औषध शिरू न देणारी भिंत पहिल्यासारखी घट्ट राहत नाही, आणि मेंदूत ॲसिटिलकोलीनचा साठाही वयाने कमीच झालेला असतो.

त्याच रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीतली दुसरी गोष्ट सांगते कारण तुम्हाला धीर येण्यासारखी आहे. शेतावर फवारणीचं औषध पोटात गेलेले पेशंट तिथे नेहमी यायचे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारताना कितीतरी शेतकऱ्यांना विषबाधा झाली ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. त्यातली ऑर्गनोफॉस्फेट औषधं करतात काय, तर तो हटवणारा एन्झाइम कायमचा बांधून टाकतात, मग पाणी सोडणारी माणसं गावात नुसती साचत जातात आणि सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडतात. लाळ, घाम, जुलाब, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, छातीत पाणी भरल्यासारखा खरखराट. त्यावर उतारा म्हणजे ॲट्रोपिन, एकेक ॲम्प्युल ०.६ मिलिग्रॅमचं, आम्ही रात्रभर फोडत बसायचो, छाती कोरडी होईपर्यंत देत राहायचं. असाच एक माणूस वाचला, छाती स्वच्छ झाली, आणि दुसऱ्या दिवशी बरळायला लागला, सलाइन उपटतोय, बायकोला ओळखत नाही, भिंतीवर मुंग्या दाखवतोय. बायको रडायला लागली की विषाने डोकं गेलं. सर आले, बाहुल्या बघितल्या, म्हणाले विष नाही, आता आपलंच ॲट्रोपिन जास्त झालंय, कमी करा. कमी केलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बायकोला नावाने हाक मारून चहा मागितला.

ही गोष्ट मी विसरले नाही कारण औषधाने आलेला भ्रम औषध कमी केल्यावर उतरतो हे मी पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी बघितलं. आईंचं इतक्या लवकर होईल असं नाही, म्हाताऱ्या माणसांत आठवडे लागतात, कधी पूर्ण पहिल्यासारखं होत नाही. पण तपासून बघण्याआधीच आयुष्यभराचं लेबल लावायला माझा जीव तयार होत नाही.

तुमच्याच पत्रात एक खूण आहे. रात्री बरळतात, सकाळी बऱ्या असतात, आणि हे सगळं काही आठवड्यांत झालं. अल्झायमर साधारणपणे असा येत नाही, तो वर्षावर्षाने, हळूहळू येतो. असं अचानक येणारं, वरखाली होणारं, याला डिलीरियम म्हणतात आणि त्याला बहुतेक वेळा काहीतरी कारण सापडतं. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते, लेवी बॉडी नावाचा डिमेन्शियाचा एक प्रकार आहे, त्यातही असंच वरखाली होतं आणि लहान पोरं, माणसं दिसतात. पण तो असला तर मग या अडवणाऱ्या गोळ्या त्या मेंदूला आणखीच जड. म्हणजे दोन्हीकडून बघितलं तरी पहिलं काम तेच, यादी कमी करणं.

या गोळ्यांचं ओझं मोजायची एक साधी पद्धतही आहे, प्रत्येक औषधाला ० ते ३ गुण, आणि बेरीज ३ झाली तरी म्हाताऱ्या माणसात सावध व्हायचं. आईंच्या त्या चार गोळ्यांना प्रत्येकी ३ आहेत. बारा झाले. अमेरिकेत १९९१ पासून बीअर्स क्रायटेरिया म्हणून वयस्कांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी निघते, जुन्या पिढीतली ही ॲलर्जीची औषधं आणि अमिट्रिप्टिलीन त्यात आहेत. २०१५ मध्ये सिअ‍ॅटलमधल्या ३,४३४ वयस्क लोकांचा अभ्यास छापून आला होता, त्यात ही जोरकस अडवणारी औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया जास्त दिसला. गोळीनेच झाला असं त्यातून सिद्ध होत नाही, त्यामुळे दोन वर्षांच्या अमिट्रिप्टिलीनवरून घाबरून जाऊ नका, पण गरज नसेल तर चालू ठेवायचं कारणही उरत नाही.

आता डोनेपेझिल. ही गोळी फवारणीच्या औषधासारखंच काम करते पण फार सौम्य आणि सुटणारं, त्या हटवणाऱ्या एन्झाइमला जरा वेळ धरून ठेवते म्हणजे मेंदूत ॲसिटिलकोलीन जास्त वेळ टिकतं. खऱ्या अल्झायमरमध्ये तिचा उपयोग आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण तीही सगळ्या गावात फिरते, म्हणून सुरुवातीला जुलाब, मळमळ, आणि काहींना लघवी आवरत नाही. मग बघा काय झालं, डोनेपेझिलने लघवी वाढली असावी, ती रोगाने वाढली असं धरून सोलिफेनासिन दुप्पट झाली, आणि त्याने भ्रम वाढला तर उद्या डोनेपेझिल १० होईल. याला डॉक्टर लोक प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात, एका गोळीचा त्रास नवा आजार समजून त्याच्यावर दुसरी गोळी. यातला एकही डॉक्टर निष्काळजी असेलच असं नाही, पाच मिनिटांच्या ओपीडीत आधीच्या चिठ्ठ्या समोर आल्या नाहीत की हे चांगल्या चांगल्यांकडून होतं.

पण मला सगळ्यात काळजी त्या पडण्याची आहे, का ते जरा मागून सांगते. १९२१ मध्ये ऑस्ट्रियात ग्राझ इथे शास्त्रज्ञ ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस चेतवली, ठोके हळू झाले, मग त्या हृदयाभोवतीचं पाणी काढून दुसऱ्या हृदयावर सोडलं तर तेही हळू झालं. नस रसायनातून काम करते हे असं दिसलं, ते हृदय हळू करणारं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन, आणि या कामासाठी १९३६ चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्याबरोबर मिळालं. म्हणजे ते वाढवणारी डोनेपेझिल नाडी हळू करू शकते, आणि आईंची बीपीची मेटोप्रोलोलही नाडी हळूच करते. दोन्ही मिळून नाडी फार खाली गेली तर बाथरूममध्ये घेरी येऊन माणूस पडतो. पाय घसरला की घेरी आली, हे आईंना किंवा जवळ असणाऱ्याला विचारा. आजच मनगटावर बोट ठेवून घड्याळात पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ५० च्या खाली असेल, किंवा पुन्हा घेरी आली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा आणि ईसीजी काढून घ्या. पडताना डोक्याला मार लागला असेल, अगदी थोडा सुद्धा, आणि आता डोकं दुखतंय, झोप फार येतेय, एका बाजूने चालताना ओढल्यासारखं होतंय, तर डोक्याचा स्कॅन लगेच, कारण या वयात मेंदूवर रक्त हळूहळू साचतं आणि दोन तीन आठवड्यांनी लक्षात येतं, आणि त्यानेही माणूस असाच बरळतो. यात पैशाचा विचार करत थांबू नका.

मग पिशवी. घरातल्या सगळ्या गोळ्या, चालू, बंद, अर्धवट, मलम, डोळ्यांचे थेंब, इनहेलर, आयुर्वेदिक काढे, मेडिकलमधून आणलेली पाकिटं, सगळं एका पिशवीत घाला आणि एकाच फिजिशियनकडे जा, जमलं तर वयस्कांचे आजार बघणारे जेरियाट्रिशियन सांगली कोल्हापूर पुण्याकडे कुणी मिळतात का बघा, नाहीतर चांगले एमडी मेडिसिन पुरेत. टेबलावर सगळं ओता आणि मला पत्रात लिहिलंत तसा तारखांचा कागद पुढे ठेवा. सरळ विचारा, डॉक्टर यातल्या कुठल्या गोळ्या अँटिकोलिनर्जिक, म्हणजे ॲसिटिलकोलीनची वाट अडवणाऱ्या, आहेत, कुठल्या कमी करता येतील, कुठल्या क्रमाने. अँटिकोलिनर्जिक हा शब्द कागदावर लिहून न्या, वाचून दाखवलात तरी चालेल, लाजू नका.

सर्दीची गोळी मात्र कुणी लिहून दिलेली नाही, ती तुम्हीच आणलीत, ती आजपासून थांबवा, वाफ द्या, मिठाच्या पाण्याने नाक साफ करा. बाकीच्या स्वतःहून नाही. अमिट्रिप्टिलीन इतक्या वर्षांची आहे, एकदम सोडली तर झोप उडते, मळमळ होते, बेचैनी येते, ती टप्प्याटप्प्याने. मेटोप्रोलोल तर अजिबात हात लावायचा नाही, एकदम बंद केली तर छातीत दुखण्यापर्यंत जाऊ शकतं. हायड्रॉक्सिझिनबद्दल स्किनच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, या वयातली खाज पुष्कळदा कोरड्या कातडीची असते, कडकडीत पाण्याची आंघोळ बंद करून ओल्या अंगावर खोबरेल लावलं तरी निम्मी जाते, आणि ॲलर्जीच असेल तर फेक्सोफेनाडिनसारखी मेंदूत फारशी न शिरणारी गोळी असते. लघवीसाठी दुसऱ्या वाटेने काम करणारी मिराबेग्रॉन आहे, ती या खाचांना हात लावत नाही, मात्र बीपी आणि सोबतच्या बाकीच्या गोळ्या बघत द्यावी लागते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. पण त्याच्याआधी लघवीची तपासणी आणि लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते त्याची सोनोग्राफी, कारण पिशवी नीट रिकामी होत नसेल तर थेंब थेंब गळते आणि त्यावर आवळण थांबवणारी गोळी दिली तर लघवी तुंबू शकते. दिवसा दर दोन अडीच तासांनी आठवण करून बाथरूमला न्या, संध्याकाळचा दुसरा चहा बंद, पाणी मात्र तोडू नका. रक्तात बी१२, थायरॉइड, सोडियम, साखर बघायला सांगा, घरात पूर्ण शाकाहार असेल तर बी१२ नक्कीच.

गोळ्या कमी होईपर्यंतच्या रात्री तुम्हालाच काढायच्यात. गॅलरीतल्या पोरांवरून वाद घालू नका, कुणी नाहीये म्हटलं की त्या घाबरतात, दिवा लावा, हात धरा, पोरं गेली घरी आता असं म्हटलंत तरी काही खोटेपणाचं पाप लागत नाही. चष्मा आणि कानाचं मशीन असेल तर ते रात्री हाताशी ठेवा. दिवसा उन्हात बसवा, दुपारची झोप तासाभराची. आणि एका रात्री मिस्टरांनी जागायचं, एका रात्री तुम्ही. नणंदबाईंना म्हणावं पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जायच्या दिवशी तुम्हीही चला, समोरच ऐका काय ते.

डोनेपेझिल थांबवायची ठरली तरी ती अंगातून पूर्ण जायला दोन आठवडे जातात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी फरक नाही म्हणून हिरमुसू नका. महिन्या दीड महिन्याने, यादी कमी झाल्यावर, स्मरणशक्तीची तपासणी पुन्हा करून घ्यायची, आणि तेव्हाही डिमेन्शिया दिसला तर त्याचे उपचार नीट सुरू करू, तेव्हा डोनेपेझिलला तिचं काम करायला मोकळी जागा तरी मिळेल. तोपर्यंत एका वहीत रोज दोन ओळी लिहा, रात्री किती वेळा उठल्या, काय दिसलं, संडास, नाडी. आणि सहस्रनामाचा कुठला श्लोक कुठपर्यंत म्हटला तेही लिहा, मला कळवताना तेच आधी कळवा.